एका विहिरीवरचे चौदा पंप: कंटेनरच्या सर्व्हरचा कर्नल कोसळतो तेव्हा

कापसाची आवक जोरात असली की संध्याकाळचे सहा ते नऊ आमच्यासाठी सगळ्यात नाजूक. त्या दिवशी सव्वासातला जिनिंगच्या मुनीमजींचा फोन आला, "भाऊ, काटापट्टी निघून नाही राहिली, बाहेर गाड्यायची लाइन लागली." 'बघतो' म्हणेपर्यंत पतसंस्थेच्या मॅनेजर बाईंचा फोन वाजायला लागला होता, त्यांचा पिग्मीचा हिशोब अडला होता. वाचनालयाच्या ग्रंथपालांचा मेसेज येऊन पडला होता. तिघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. एकाच सर्व्हरवर असले तरी कंटेनर (प्रोग्रॅमचे बंदिस्त कप्पे) वेगळे, डेटाबेस वेगळे, पासवर्ड वेगळे. तरी तिघंही एकाच मिनिटाला बंद.

सर्व्हर दारव्ह्याजवळ जिनिंगच्या आवारातल्या एका खोलीत आहे आणि मी राहतो यवतमाळला, ४०-एक किलोमीटरवर. मी फोनवरूनच चौकीदाराला बटण दाबून मशीन बंद-चालू करायला सांगितलं. सात मिनिटांत सगळं सुरू झालं, लोक खूश झाले. अकरा दिवसांनी तेच पुन्हा घडलं आणि माझ्या हातात पहिल्या वेळचा एक अक्षरभर पुरावा नव्हता. तो मीच बटण दाबायला लावून पुसून टाकला होता. हा लेख त्या चुकीतून आला आहे. कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, कधी ना कधी कोसळणारच. तो कोसळताना स्वतःहून पुरावा ठेवून जाईल आणि माणसाची वाट न पाहता उठेल, एवढी तयारी आपल्या हातात असते, आणि ती आधीच करावी लागते.

आमची मांडणी अशी: ६४ जीबी मेमरीचं एक मशीन, त्यावर डेबियन लिनक्सच्या पायावरचं प्रॉक्समॉक्स (कंटेनर सांभाळणारी प्रणाली), एलएक्ससीचे चौदा कंटेनर, त्यांपैकी दोघांच्या आत डॉकर (कंटेनर चालवायची दुसरी सोय). तुमच्याकडे नुसतं डॉकर किंवा नुसतं एलएक्ससी असेल तरी खालचं जवळजवळ सगळं लागू पडतं. आज्ञा आणि फाइलींची नावं मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच मूळ अक्षरं वापरा.

सामाईक म्हणजे नेमकं काय

सातबाऱ्यावर 'सामाईक विहीर' अशी नोंद असते. भावाभावांची वावरं वेगळी, धुरे वेगळे, पंप वेगळे, पाणी मात्र एकाच विहिरीचं. कंटेनरचं तसंच. नेमस्पेसमुळे प्रत्येक कंटेनरला स्वतःची प्रोसेस-यादी, स्वतःचं नेटवर्क दिसतं. सीग्रुपमुळे मेमरीची आणि सीपीयूची पाळी ठरते. विहीर, म्हणजे कर्नल, एकच. कोणत्याही कंटेनरमध्ये 'यूनेम -आर' चालवून बघा, होस्टचीच, म्हणजे मूळ मशीनचीच आवृत्ती दिसेल.

यावरून एक उपयोगी गोष्ट कळते. कंटेनरमधली पीआयडी १, म्हणजे बाकीच्यांना सुरू करणारी पहिली प्रोसेस मेली तर कर्नल त्या नेमस्पेसमधल्या सगळ्या प्रोसेस मारतो आणि तेवढाच कंटेनर खाली येतो. होस्टची पीआयडी १ मेली तर कर्नल थेट पॅनिक होतो. म्हणून एकच गिऱ्हाईक ओरडत असेल तर त्याच्या कंटेनरात बघा. दोन-तीन अनोळखी गिऱ्हाइकं एकाच वेळी ओरडली तर कंटेनरात शिरूच नका, सरळ होस्टकडे जा. मी त्या संध्याकाळी आधी जिनिंगचा कंटेनर बॅकअपवरून उभारायच्या विचारात होतो. त्याने काहीही साधलं नसतं.

आधी ओळखा, मग हात लावा

'सर्व्हर क्रॅश झाला' या तीन शब्दांत निदान पाच वेगळे आजार असतात.

सगळ्यात वारंवार दिसणारा आजार क्रॅश नसतोच. कंटेनरने आपली मेमरी-मर्यादा गाठली आणि कर्नलने त्याच्यातली एक प्रोसेस मारली. लॉगमध्ये 'मेमरी सीग्रुप आउट ऑफ मेमरी' अशी ओळ सापडते. होस्ट ठणठणीत असतो. कंटेनरची मर्यादा वाढवा किंवा आतला प्रोग्रॅम सुधारा.

दुसरा, अडकलेलं काम: 'अमुक टास्क १२० सेकंदांहून जास्त ब्लॉक' असा संदेश येतो, लोड चढत जातो, प्रोसेस 'डी' अवस्थेत रुतून बसतात आणि किल करूनही मरत नाहीत. बहुतेक वेळा मागे मरायला टेकलेली डिस्क किंवा तुटलेली एनएफएस (नेटवर्कवरच्या डिस्कची) जोडणी असते.

तिसरा सॉफ्ट लॉकअप. एखादा सीपीयू कर्नलच्या आतच २० सेकंदांहून जास्त वेळ फिरत राहिला की कर्नल तशी तक्रार करतो.

चौथा ऊप्स. कर्नलच्या आत चूक झाली, त्याने त्या वेळी चालू असलेली प्रोसेस मारली आणि स्वतः पुढे चालत राहिला. पाचवा पॅनिक, म्हणजे कर्नलने हात टेकले.

आमच्या भागात या पाचांत सहावा मिसळतो: लाइट गेली आणि यूपीएसने साथ सोडली. लॉग मध्येच तुटलेला, कुठेही तक्रारीची ओळ नाही, असं दिसलं तर कर्नलवर संशय घेण्याआधी यूपीएसची नोंद तपासा. 'नेटवर्क यूपीएस टूल्स' बसवून यूपीएसची केबल मशीनला जोडली की लाइट किती वाजता गेली आणि बॅटरी किती उरली हे लॉगमध्येच लिहिलं जातं, आणि बॅटरी संपण्याआधी मशीन शिस्तीत बंदही होतं. हे नसेल तर पुढचं सगळं निदान अंदाजावर चालेल.

पुरावा चार ठिकाणी पकडायचा

पॅनिकच्या वेळचे शेवटचे शब्द डिस्कवर पोहोचतच नाहीत, ही सगळ्यात मोठी अडचण. कर्नल मेल्यावर लॉग लिहिणारं कोणी उरत नाही. म्हणून एका जाळ्यावर विसंबू नका.

पहिलं जाळं सोपं. जर्नल (सिस्टमचा लॉग) डिस्कवर कायम राहील असं करा, जर्नलडीच्या कॉन्फिगमध्ये 'स्टोरेज=पर्सिस्टंट'. मग 'जर्नलसीटीएल -के -बी -१' चालवलं की मागच्या बूटचे कर्नल-संदेश दिसतात. पॅनिक यात क्वचितच सापडेल, पण त्याच्या आधीच्या कुरबुरी सापडतात.

दुसरं पीस्टोर. यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) असलेल्या मशीनवर कर्नल आपले शेवटचे संदेश फर्मवेअरच्या मेमरीत ठेवू शकतो आणि पुढच्या बूटला सिस्टमडी (बाकी सगळ्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) ते उचलून '/व्हार/लिब/सिस्टमडी/पीस्टोर' या फोल्डरात ठेवतं. जागा फार थोडी असते, पण खर्च शून्य आहे.

तिसरं नेटकन्सोल, आणि यावर माझा सगळ्यात जास्त जीव आहे. यात कर्नल आपले संदेश थेट नेटवर्कवरून (यूडीपीने) दुसऱ्या मशीनला पाठवतो, डिस्कची गरजच नसते. त्याच स्विचवर एक रास्पबेरी पाय (छोटा संगणक) ठेवा, जुना लॅपटॉपही चालतो. तिथे ६६६६ पोर्टवर येणारं सगळं वेळेसकट फाइलीत लिहून ठेवा. कंटेनरच्या होस्टवर इथे दोन अडचणी हमखास येतात. एक, तुमचं नेटवर्क कार्ड ब्रिजला (कंटेनरांना जोडणाऱ्या आभासी स्विचला) बांधलेलं असतं. नेटकन्सोलला त्या कार्डाचं नाव दिलं तर 'हे स्लेव्ह उपकरण आहे' म्हणून तो नकार देतो. ब्रिजचं नाव द्या. दोन, नेटकन्सोल तेवढेच संदेश पाठवतो जेवढे कन्सोलच्या, म्हणजे मशीनच्या पडद्यासाठी ठरलेल्या, पातळीतून जातात. 'डीमेसेज -एन ८' करून पातळी वाढवली नाही तर अर्ध्या ओळी गळतात. मी दोन दिवस या दुसऱ्या गोष्टीत घालवले. आणि रास्पबेरी पाय केबलने जोडा. सर्व्हरच्या बाजूला तर वाय-फायचा विचारही करू नका.

चौथं आणि सगळ्यात मोठं जाळं केडंप. कल्पना सुंदर आहे: चांगल्या दिवसांत मेमरीचा एक तुकडा बाजूला राखून ठेवायचा आणि त्यात दुसरा छोटा कर्नल भरून ठेवायचा. मुख्य कर्नल कोसळला की केएक्झेक या सोयीने हा दुसरा कर्नल उठतो, मेलेल्याची मेमरी वाचून फाइलीत उतरवतो आणि मशीन रीबूट करतो.

डेबियनवर 'केडंप-टूल्स' हे पॅकेज बसवा. कर्नलच्या बूट-ओळीत 'क्रॅशकर्नल=५१२एम' द्या. पॅकेज स्वतःचा एक आकडा ग्रबच्या (कर्नल बूट करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) कॉन्फिग-फोल्डरात ठेवतं, तो तिथेच बदला, नाहीतर दोन आकडे भांडतील. मग 'अपडेट-ग्रब' आणि रीबूट. झेडएफएस या फाइलप्रणालीवर बसवलेल्या प्रॉक्समॉक्समध्ये अनेकदा ग्रब नसून सिस्टमडी-बूट असतं. तिथे बूट-ओळ '/इटीसी/कर्नल/सीएमडीलाइन' या फाइलीत असते आणि नंतर 'प्रॉक्समॉक्स-बूट-टूल रिफ्रेश' करावं लागतं. रीबूटनंतर 'केडंप-कॉन्फिग शो' ने 'रेडी टू केडंप' म्हटलं पाहिजे, आणि '/सिस/कर्नल' खालच्या 'केएक्झेक_क्रॅश_लोडेड' या फाइलीत १ दिसला पाहिजे.

हे दोन्ही दिसलं म्हणून निर्धास्त होऊ नका. केडंप फसतो तो बहुतेकदा दुसऱ्या कर्नललाच मेमरी कमी पडून. मशीनवर कार्डं आणि ड्रायव्हर जास्त असतील तर जास्त लागते. मूळ फाइलप्रणाली झेडएफएसवर असेल तर आणखी जास्त, कारण दुसऱ्या कर्नललाही झेडएफएस उचलावं लागतं. आम्ही शेवटी डंपसाठी एक साधं ईएक्सटी४ पार्टिशन वेगळं काढलं.

झेडएफएसबद्दल आणखी एक. डंप करणारं 'मेकडंपफाइल' ३१ पातळीवर रिकामी पानं, कॅश आणि वापरकर्त्यांच्या प्रोसेसची पानं गाळून टाकतं, त्यामुळे ६४ जीबीच्या मशीनचाही डंप आटोपशीर होतो. पण झेडएफएसची एआरसी, म्हणजे तिची स्वतःची कॅश, ही कर्नलच्या दृष्टीने नेहमीची कॅश नाही, ती गाळली जात नाही. डंप फुगतो. एआरसीला वरची मर्यादा घाला, आमच्याकडे ८ जीबी आहे. यातून दुसरीही एक जबाबदारी येते: त्या डंपमध्ये पतसंस्थेच्या खातेदारांच्या नोंदींचे तुकडे असू शकतात. डंप-फाइल कोणालाही पाठवू नका, मदत मागताना फक्त डीमेसेजचा (कर्नलच्या संदेशांचा) मजकूर द्या. किती जुने डंप ठेवायचे याची मर्यादा कॉन्फिगमध्ये घालता येते, तीही घाला.

नीट मरू द्या, लवकर उठू द्या

कर्नलचं मूळ वागणं असं, की पॅनिक झाल्यावर तो कायमचा थांबून राहतो. 'कर्नल.पॅनिक' चा आकडा शून्य असतो. कोणीतरी ४० किलोमीटर जाऊन बटण दाबेपर्यंत पडदा तसाच. तो आकडा १० करा. केडंप भरलेला असेल तर पॅनिकनंतर आधी तोच धावतो. तो नसेल किंवा बिघडला असेल तर हे १० सेकंद कामी येतात. बूट होताहोताच पॅनिक झाला तर असे आकडे जिथे लिहितो त्या सिसकंट्रोलच्या फाइली वाचल्याच गेलेल्या नसतात, म्हणून कर्नलच्या बूट-ओळीतही 'पॅनिक=१०' लिहा.

यानंतरचा निर्णय वादाचा आहे आणि माझं मत पक्कं आहे: सामाईक होस्टवर 'कर्नल.पॅनिक_ऑन_ऊप्स' १ करा. विरोधात बोलणारे म्हणतात, एका ऊप्सपायी चौदा जणांना का बुडवायचं, चालतंय तेवढं चालू द्या. पण ऊप्समध्ये मेलेली प्रोसेस हातातलं कुलूप सोडून जात नाही. त्या कुलपाची वाट पाहत पुढच्या प्रोसेस एकेक करून 'डी' अवस्थेत जातात. तासाभराने बॅकअप अडकतो, मग डेटाबेस. कर्नलच्या आतली कोणती माहिती विटाळली आहे हे कोणालाच माहीत नसताना तोच कर्नल पतसंस्थेच्या नोंदी डिस्कवर लिहीत राहतो. सहा मिनिटांची बंदी मी लोकांना समजावू शकतो. चुकलेली शिल्लक समजावू शकत नाही.

'हंग_टास्क_पॅनिक' (अडकलेल्या कामावरून पॅनिक) मात्र डोळे झाकून लावू नका. बॅकअपच्या वेळी डिस्क मंदावली किंवा एनएफएस दोन मिनिटं गप्प बसलं तरी सगळं मशीन खाली येईल. 'सॉफ्टलॉकअप_पॅनिक' मी लावलं आहे.

कर्नल इतका गोठला की पॅनिकही म्हणू शकत नाही, त्यासाठी हार्डवेअर वॉचडॉग, म्हणजे मदरबोर्डवरचा पहारेकरी टायमर. सिस्टमडीत 'रनटाइमवॉचडॉगसेक' ला मुदत द्या. ठरावीक वेळेत सिस्टमडीची थाप पडली नाही की मदरबोर्डच मशीन रीसेट करतो. त्याचा सॉफ्टवेअर पर्याय सॉफ्टडॉग हा त्याच कर्नलमधला टायमर आहे, पूर्ण गोठलेल्या कर्नलसोबत तोही गोठतो. डंप अर्धवट राहून मशीन रीसेट होत असेल तर वॉचडॉगची मुदत वाढवा, दुसरा कर्नल त्याला थाप देत नसावा.

बायोसमध्ये 'वीज परत आल्यावर चालू हो' ही सेटिंग आहे का तेही आजच बघा. इतकी साधी गोष्ट, आणि ती पाहायचीच राहून गेलेल्या तीन खोल्या मी पाहिल्या आहेत.

अर्धमेल्या मशीनसमोर बसल्यावर

एसएसएच (दुरून लॉगिन) लागत नाही, पिंगला मात्र उत्तर येतं, कन्सोलवर अक्षर उमटतं पण लॉगिन होत नाही. या वेळी बटण दाबायचा मोह होतो. आधी कीबोर्डवरून कर्नलशी थेट बोलणाऱ्या सिसआरक्यूच्या कळा वापरा: ऑल्ट आणि सिसआरक्यू धरून 'डब्ल्यू' दाबलं की रुतलेल्या सगळ्या प्रोसेस आणि त्या कुठे अडकल्या ते लॉगमध्ये येतं, 'एल' ने प्रत्येक सीपीयू काय करतो आहे ते येतं. नेटकन्सोल असेल तर हे सगळं पायवर लिहिलं जातं. मग 'सी' दाबा. त्याने मुद्दाम क्रॅश घडतो, केडंप धावतो, डंप घेऊन मशीन आपोआप उठतं. बटणापेक्षा दोन-तीन मिनिटं जास्त लागतात आणि त्या बदल्यात कारण हाती येतं.

डेबियनचा 'कर्नल.सिसआरक्यू' चा मूळ आकडा ४३८ असतो आणि त्यात या निदानाच्या कळांची परवानगी नसते. तो १ करून ठेवा. रूट म्हणून 'प्रॉक' मधल्या सिसआरक्यू-ट्रिगर फाइलीत अक्षर लिहिलं तर मात्र हा आकडा आड येत नाही, एखादं जुनं एसएसएच सत्र जिवंत असेल तर तोच रस्ता.

चौकीदाराकडून एवढं करून घेता येत नसेल तर निदान पडद्याचा फोटो मागवा. आमच्या चौकीदार मामांना मी सांगून ठेवलं आहे, "मामा, पहिले मोबाइलवर फोटो काढा, मग मले फोन करा." फोटोत शेवटच्या ओळी येतात, सगळ्यात मोलाच्या वरच्या ओळी निघून गेलेल्या असतात. तरी काहीच नसण्यापेक्षा बरं.

उठल्यावर कोणी आधी उठायचं

चौदा कंटेनर एकदम उठले तर डिस्कची दमछाक होते आणि सगळेच उशिरा तयार होतात. प्रॉक्समॉक्समध्ये प्रत्येक कंटेनरला क्रम आणि मधला थांबा देता येतो, नुसत्या एलएक्ससीतही ऑटोस्टार्टसाठी तशीच सोय आहे. आमच्याकडे आधी डीएनएस, मग डेटाबेस, ६० सेकंदांच्या थांब्यानंतर जिनिंग आणि पतसंस्था, वाचनालय आणि शाळेची वेबसाइट शेवटी. डॉकरमध्ये 'अनलेस-स्टॉप्ड' हे रीस्टार्ट धोरण पुरेसं आहे.

पोस्टग्रेस आणि मारियाडीबी हे डेटाबेस अचानक मेल्यावर आपापल्या लॉगवरून स्वतःला सावरतात. त्यांना वेळ द्या. लॉगमध्ये 'रिकव्हरी' दिसत असताना कंटेनर पुन्हा रीस्टार्ट करणं ही घाईतली सगळ्यात महाग चूक आहे.

उठताउठताच पुन्हा कोसळणं, हे चक्रही लक्षात घ्या. दोषी कंटेनर आपोआप सुरू होतो आणि होस्टला पुन्हा पाडतो. मी बूटच्या वेळी चालणारी एक छोटी स्क्रिप्ट ठेवली आहे: गेल्या तासाभरात तीन किंवा जास्त डंप दिसले तर कंटेनर सुरू करू नकोस, फक्त एसएसएच चालू ठेव आणि मला मेसेज कर.

डंप वाचताना

डंपच्या शेजारी डीमेसेजची मजकूर-फाइल असते. दहातल्या नऊ वेळा तीच पुरते. खालून वर वाचू नका. 'ऊप्स' च्या ओळीत चौकटी कंसात क्रमांक असतो. २ किंवा ३ दिसला तर वर जाऊन १ शोधा, खरा गुन्हा तिथे घडला, पुढचे त्याचे पडसाद. मग 'आरआयपी' ची ओळ बघा, कर्नलच्या कोणत्या फंक्शनमध्ये चूक झाली ते तिथे असतं. खालच्या कॉल ट्रेसमध्ये ज्यांच्या आधी प्रश्नचिन्ह आहे त्या नोंदी भरवशाच्या नसतात.

'कॉम' पुढे एका प्रोसेसचं नाव असतं आणि सगळे त्याच नावावर तुटून पडतात. ते नाव फक्त एवढं सांगतं की त्या क्षणी सीपीयूवर कोण होतं. काट्याचा प्रोग्रॅम दिसला म्हणून जिनिंगचा कंटेनर दोषी ठरत नाही.

'टेन्टेड' पुढची अक्षरंही वाचा. 'पी' आणि 'ओ' म्हणजे बाहेरचं मॉड्यूल चढलेलं आहे, झेडएफएस असेल तर ती दिसणारच. 'डी' म्हणजे आधीच एक ऊप्स होऊन गेला आहे. 'एम' दिसलं तर हार्डवेअरने स्वतः मशीन चेकची तक्रार केली आहे, सॉफ्टवेअर बाजूला ठेवा आणि रासडीमनच्या (हार्डवेअरच्या चुका टिपणाऱ्या प्रोग्रॅमच्या) नोंदी काढा. यापुढे जायचं असेल तर 'क्रॅश' हे साधन आणि त्याच कर्नलची डीबग-चिन्हं लागतात. त्यात 'लॉग', 'बीटी' आणि 'पीएस' या तीन आज्ञा बहुतेकांना पुरतील.

माझ्या अनुभवात सगळ्यात कामाचा प्रश्न हा: प्रत्येक वेळी एकाच फंक्शनमध्ये कोसळतो का? एकच जागा असेल तर कर्नलमधला किंवा मॉड्यूलमधला दोष समजा. दरवेळी नवी जागा, नवी प्रोसेस, असंबद्ध पत्ते, असं असेल तर हार्डवेअरकडे वळा.

आमचं आणखी एक प्रकरण असंच होतं. एका मे महिन्यात पाच क्रॅश, पाच वेगळ्या जागा, सगळे दुपारी एक ते पाचच्या मध्ये. रात्री दोनला मेमरी तपासणारा मेमटेस्ट लावला तर एकही चूक नाही. मग दुपारी तीनला लावला, बाहेर ४५ अंश असताना, आणि वीस मिनिटांत लाल ओळी सुरू झाल्या. मशीन उघडलं तर पंख्यांच्या पात्यांवर आणि हीटसिंकच्या खाचांत सरकीच्या बारीक रुईचा नमद्यासारखा थर बसला होता. जिनिंगच्या आवारातली हवाच तशी असते. रुई काढली, एक मेमरी-पट्टी बदलली, क्रॅश थांबले. तेव्हापासून हंगामात दर पंधरा दिवसांनी जाळी साफ होते, आणि नवीन मशीन घेताना ईसीसी (चूक स्वतः दुरुस्त करणाऱ्या) मेमरीवर तडजोड करत नाही. खोलीत कुलर लावून त्याचा झोत सर्व्हरवर सोडू नका. ओलसर हवा आणि पाण्यातले क्षार मशीनच्या आत जातात. छोटा का होईना, एसी लावा.

नवा कर्नल चढवताना

दोष कर्नलचा असेल तर उपाय होस्टचा कर्नल बदलणं हाच, आणि दूरच्या खोलीतल्या मशीनवर ते धास्तीचं काम. एक युक्ती सांगतो. ग्रबचा डीफॉल्ट 'सेव्ह्ड' वर ठेवा आणि जुना, भरवशाचा कर्नल जतन करा. नवा कर्नल 'ग्रब-रीबूट' ने फक्त पुढच्या एका बूटसाठी निवडा. नवा कोसळला तर 'पॅनिक=१०' मुळे मशीन आपोआप रीबूट होतं आणि जुन्या कर्नलवर परत येतं. दोन दिवस नवा नीट चालला की त्याला कायम करा. अट एक: बूट फोल्डर साध्या ईएक्सटी४ पार्टिशनवर हवं. एलव्हीएम किंवा झेडएफएसवर असेल तर ग्रबला आपली नोंद पुसता येत नाही आणि मशीन पुन्हा पुन्हा त्याच बिघडलेल्या कर्नलवर जाईल. सिस्टमडी-बूटवाल्या प्रॉक्समॉक्सवर 'कर्नल पिन' ची सोय वापरा.

एकाच्या पंपाने विहीर ढासळू नये

कंटेनर अनप्रिव्हिलेज्ड ठेवा. प्रिव्हिलेज्ड कंटेनरात ढिली मांडणी असेल तर आतला रूट सिसआरक्यू-ट्रिगर फाइलीत एक अक्षर लिहून सगळा होस्ट पाडू शकतो. प्रत्येकाला मेमरीची आणि प्रोसेस-संख्येची मर्यादा घाला. एका बिघडलेल्या स्क्रिप्टने हजारो प्रोसेस काढल्या तर 'पिड्स.मॅक्स' तिला तिथेच अडवतं.

आणि ज्याला स्वतःचं कर्नल मॉड्यूल हवं, नाहीतर ज्याच्यामुळे होस्ट दोनदा पडल्याचा वाजवी संशय आहे, त्याला केव्हीएमच्या आभासी मशीनमध्ये हलवा. तिथे त्याचा कर्नल त्याचा स्वतःचा. मेमरी थोडी जास्त जाते, पण तो पडला तर एकटाच पडतो, आणि तो खरंच दोषी होता का हेही तेव्हाच सिद्ध होतं. आमच्याकडे एका गिऱ्हाइकाचं व्हीपीएनचं प्रकरण असंच मिटलं.

तालीम

हे सगळं लावल्यावर एकदा मुद्दाम क्रॅश करून बघा. जून-जुलैत जिनिंग थंड असतं, तेव्हाचा रविवार निवडा. आदल्या रात्रीचा बॅकअप परत उभारून तपासा, सगळ्या गिऱ्हाइकांना वेळ कळवा, पायवर नेटकन्सोलची फाइल उघडी ठेवा, घड्याळ लावा आणि सिसआरक्यू-ट्रिगरमध्ये 'सी' लिहा. मग कशालाही हात न लावता बघत राहा. डंप पूर्ण झाला का, पायवर कॉल ट्रेस आला का, कंटेनर ठरल्या क्रमाने उठले का, आणि शेवटचा डेटाबेस तयार व्हायला किती वेळ लागला. आमच्या पहिल्या तालमीत दुसऱ्या कर्नललाच मेमरी कमी पडली, डंप झाला नाही आणि एकूण १९ मिनिटं गेली. तेव्हा 'क्रॅशकर्नल' चा आकडा २५६ चा ५१२ केला. दुसऱ्या तालमीत सहा मिनिटं. कर्नल मोठ्या फरकाने बदलला किंवा नवं कार्ड बसवलं की तालीम पुन्हा करा.

मुनीमजींना मी तोच आकडा सांगून ठेवला आहे: सहा मिनिटं थांबा, मग फोन करा. तेवढ्या वेळासाठी काट्याजवळ एक छापील पावतीपुस्तक ठेवलं आहे. त्याचे क्रमांक ९००१ पासून सुरू होतात, म्हणजे संगणकातल्या क्रमांकांशी गल्लत होत नाही. सर्व्हर बंद असेपर्यंत पट्टी हाताने फाडायची आणि तो उठला की त्याच क्रमांकाने नोंदवायची.